सायकलवरून उतरून धावताना पोटऱ्यांत गोळे (येऊर, ठाणे)

उपवनकर: ड्युएथलॉनला (धावणं-सायकल-धावणं अशी शर्यत) सहा आठवडे आहेत. पहाटे येऊरचा चढ धरून तासभर सायकल, लगेच ५ किमी धावणं. पहिल्या किमीलाच पोटऱ्या दगड! नुसतं धावताना काही नाही. काय चुकतंय?

चेनवाला: आधी सीट बघ. पायडल तळाला असताना त्यावर टाच टेकवली की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पोचत नसेल तर सीट उंच आहे. मग चवडा ताणून पायडल मारलं जातं आणि भार पोटरीवर येतो. एका वेळी ५ मिमीच उतरव. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांडीवर) आधी टेपची खूण कर, नाहीतर मूळ उंची सापडत नाही.

पामबीच_रविवार: सीट असेलही, पण माझा संशय जड गिअरवर. चढाला पुढची लहान चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती), मागे मोठी चकती. शेवटची १० मिनिटं सपाटीवर मिनिटाला पायडलचे ९० फेरे. उतरल्यावर पावलं आखूड, पहिला किमी नेहमीपेक्षा ३० सेकंद हळूच. आणि सायकलला जोडून धावणं आठवड्यातून एकदाच, तेही आधी २ किमी.

उपवनकर: टाच अधांतरी राहतेय! पाणी साधंच नेतो, चालेल?

चेनवाला: मार्चच्या दमटीत नको. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलंस तर पोट ढवळेल. घरी आल्यावर सायकलच्या हेडसेटवरचा (हँडल फ्रेमला जोडलं जातं तो सांधा) घाम पूस, बोल्ट गंजतात.