मदत हवी आहे: लिलावाच्या लिस्टिंगची जुनी सीएसव्ही फाइल परत चढवायचीय, मराठी वर्णनाची प्रश्नचिन्हं होतायत

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते. माझे बाबा पोस्टाची तिकिटं जमवतात आणि ईबे इंडिया चालू होतं तोवर जादाची तिकिटं तिथे लिलावात विकायचे. तेव्हा टर्बो लिस्टर नावाचं फुकट सॉफ्टवेअर होतं, त्यात नेट नसतानाही सगळ्या लिस्टिंग तयार करून ठेवायच्या आणि मग एकगठ्ठा चढवायच्या. ते २०१७ मध्ये बंद झालं, २०१८ मध्ये ईबे इंडियाही गुंडाळलं, पण बाबांनी त्याआधी सगळं एक्स्पोर्ट करून सीएसव्ही फाइल (साधा मजकूर, कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेले) जपून ठेवलीय. आता मला तीच लिस्टिंग ईबेच्या अमेरिकेच्या साइटवर टाकायचीत, सेलर हबच्या, म्हणजे ईबेच्या विक्रेत्यांसाठीच्या पानाच्या, रिपोर्ट्समधून फाइल अपलोड करता येते ना, तसं.

अडचण अशी की फाइल डबल क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली की मराठीच्या जागी नुसता कचरा दिसतो, डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा. मग मी इम्पोर्ट करून उघडली तर मराठी नीट दिसलं, सेव्ह केली, परत उघडली तर सगळीकडे प्रश्नचिन्हं!! शिवाय बाबा एसकेयूच्या (विक्रेत्याने वस्तूला दिलेला स्वतःचा नंबर) कॉलममध्ये अल्बम नंबर आणि पान नंबर लिहायचे, ३-१२ म्हणजे तिसरा अल्बम, बारावं पान, तर त्याचं ३ डिसेंबर झालंय. आणि १२ आकडी आयटम नंबर २.६५ई+११ असे दिसतात, ते मला बाबांच्या विक्रीच्या वहीशी जुळवायचेत.

फाइलमधली एक ओळ साधारण अशी आहे, बाकीचे कॉलम गाळलेत:

३-१२,जयहिंद तिरंगा ३½ आणे १९४७,"न वापरलेलं, डिंक शाबूत, डावीकडे एक दाता आखूड",७,१

परत टाइप करा असं कृपया सांगू नका. बाबांनी एकेक तिकीट भिंगाखाली धरून ही वर्णनं लिहिलीत, आता त्यांची नजर तेवढी राहिली नाही. त्यातला एक शब्दही जायला नकोय मला.

प्रतिसाद १

ताई, आधी एक काम करा, मूळ फाइलची कॉपी काढून पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा आणि तिला हातच लावू नका. बाकी सगळं त्यानंतर.

आता तुम्ही जे दोन प्रकार पाहिलेत त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. डोक्यावर रेघवाला ए दिसतो तेव्हा मजकूर शाबूत असतो, फक्त उघडणाऱ्या प्रोग्रॅमने तो चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या चुकीच्या पद्धतीने, वाचलेला असतो. यूटीएफ-८ या आजच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, प्रत्येक मात्राही तीन बाइटची, आणि जुनं विंडोज एन्कोडिंग त्या प्रत्येक बाइटला सुटं इंग्रजी अक्षर समजतं म्हणून तो कचरा. प्रश्नचिन्हं मात्र वाईट. सेव्ह करताना फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये गेली, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. ती फाइल फेकून द्या, त्यातून मराठी परत येणार नाही. तुमच्याकडे मूळ आहे म्हणजे काहीच गेलेलं नाही, निश्चिंत राहा.

गंमत म्हणजे त्या प्रश्नचिन्हवाल्या फाइलमध्ये ३½ मधला ½ नीट दिसत असेल बघा, कारण तो जुन्या एन्कोडिंगमध्ये आहे. तसं असेल तर निदान पक्कं.

प्रतिसाद २

एक्सेल असेल तर डबल क्लिक नको. कोरी शीट उघडा, डेटा टॅबमध्ये फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल ओरिजिनला ६५००१ युनिकोड यूटीएफ-८, आणि डेटा टाइप डिटेक्शनला डू नॉट डिटेक्ट. त्याने ३-१२ चं ३-१२ च राहतं आणि आयटम नंबरही पूर्ण दिसतात. सेव्ह करताना साधं सीएसव्ही नाही, यादीत सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय आहे तो घ्या.

मी स्वतः लिब्रेऑफिस वापरतो, उघडतानाच विचारतं कॅरेक्टर सेट कुठला, कॉलम कुठल्या प्रकारचे. सगळे कॉलम सिलेक्ट करून टेक्स्ट करायचे, सेव्ह करताना एडिट फिल्टर सेटिंग्जवर टिक करायची आणि क्वोट ऑल टेक्स्ट सेल्स. फुकट आहे आणि या कामाला जास्त बरं.

आयटम नंबरचं मात्र लक्षात ठेवा, २.६५ई+११ दिसत असताना सीएसव्ही सेव्ह केली की फाइलमध्येही तेवढंच जातं, उरलेले आकडे गेले. म्हणून वहीशी जुळवाजुळव मूळ फाइलवरूनच करा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार! ½ खरंच नीट होता त्या फाइलमध्ये. लिब्रेऑफिसमध्ये सगळं मराठी अगदी जसंच्या तसं आलं, बाबांना दाखवलं तर ते वाचतच बसले.

आता एकच, काही ओळी सरकल्यात. एका फर्स्ट डे कव्हरच्या (तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट) ओळीत किंमत क्वांटिटीच्या कॉलममध्ये गेलीय आणि पुढची ओळ तिलाच चिकटलीय. वर्णनात कव्हरची लांबी इंचात आहे, ६" अशी. आणि दुसरं, जुन्या फाइलची पहिली ओळ तशीच ठेवून चालेल का?

प्रतिसाद ३

इंचाची खूणच गुन्हेगार आहे. सीएसव्हीत ती खूण म्हणजे मजकूर सुरू किंवा मजकूर संपला, त्यामुळे वर्णन मधेच संपलं असं समजून पुढचा स्वल्पविराम नवा कॉलम पाडतो. मजकुराच्या आत ती हवी असेल तर दोनदा लिहायची, ६"" अशी. नाहीतर सरळ ६ इंच लिहा, वाचणाऱ्यालाही बरं. हे साध्या नोटपॅडमध्ये करा, आणि कॉपीवर.

पहिली ओळ चालणार नाही. ॲक्शनच्या, म्हणजे त्या ओळीचं काय करायचं ते सांगणाऱ्या, कॉलमच्या नावातच कंसात साइट, देश, चलन आणि एन्कोडिंग लिहिलेलं असतं, तुमच्यात साइट भारताची आणि चलन रुपये असणार. सेलर हबमधून आपल्या कॅटेगरीचं ताजं टेम्प्लेट उतरवून घ्या आणि त्यात एकेक कॉलम आणून बसवा. कॅटेगरी नंबर नवीन लागतील, किमती डॉलरमध्ये, आणि टायटलला ८० अक्षरांची मर्यादा आहे. टायटल इंग्रजीतच ठेवा, परदेशातला गिऱ्हाईक तसंच शोधतो, बाबांचं मराठी वर्णन खाली इंग्रजीच्या जोडीला राहू द्या. लिलावाची मुदत १, ३, ५, ७ किंवा १० दिवस, आणि लिलावात क्वांटिटी १ च.

सगळी फाइल एकदम चढवू नका. चार ओळी घ्या, ॲक्शनमध्ये ॲडच्या जागी व्हेरिफायॲड लिहा, त्याने लिस्टिंग होत नाही, फक्त तपासणी होते. मग रिझल्टची फाइल उतरवून बघा, कुठल्या ओळीत काय चुकलं ते तिथे येतं.

आणि एक महत्त्वाचं, फाइलमध्ये नाणी आहेत का?

धागाकर्ती

हो आहेत थोडी, सातव्या एडवर्डचे रुपये. का?

प्रतिसाद ३

त्या ओळी आजच काढा. ते रुपये १९०३ ते १९१० चे, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेलेली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची नाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ईबे इंडियावर गिऱ्हाईक भारतातलाच होता, त्यामुळे हा प्रश्न आला नसेल, अमेरिकेच्या साइटवर नक्की येणार. तिकिटांतही शंभर वर्षांपूर्वीचं काही असेल तर ते बाजूला ठेवून जाणकाराला विचारा, १९४७ नंतरची मात्र अजून शंभर वर्षांची झालेली नाहीत.

धागाकर्ती

बरं झालं सांगितलंत, मला हे माहीतच नव्हतं! बाबा म्हणाले नाणी घरातच राहू देत. चार ओळींची तपासणी केली, तीन पास, एकीत फोटोची लिंक चालत नाही म्हणतंय. जुन्या लिंका सगळ्याच गेल्या असतील का?

प्रतिसाद २

संपलेल्या लिस्टिंगचे फोटो कायम राहत नाहीत, त्यामुळे नवीन काढाच. एका तिकिटाचे पुढचा आणि मागचा असे दोन फोटो असतील तर एकाच कॉलममध्ये दोन्ही लिंका, मध्ये उभी रेघ, स्वल्पविराम नाही. मागचा फोटो टाकाच, डिंक शाबूत आहे हे गिऱ्हाइकाला तिथेच दिसतं. फोटोच्या फाइलचं नाव एसकेयूप्रमाणे ३-१२ ठेवलंत तर कुठला फोटो कुठल्या ओळीचा ते शोधत बसावं लागणार नाही.