सिगारेट सोडून ९ दिवस झाले; अकराच्या चहाची तलफ कशी आवरावी?

जमाखर्च:

नमस्कार. माझे वय ४२ असून मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. गेली १८ वर्षे मी दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढत होतो आणि आज त्या पूर्ण बंद करून ९ दिवस झाले आहेत. यापूर्वी दोनदा सोडल्या होत्या. पहिल्या खेपेस चौथ्या दिवशीच हार मानली आणि दुसऱ्या खेपेस, तब्बल पाच महिने पाळल्यानंतर, एका लग्नाच्या मांडवामागे कोणीतरी पुढे केलेली एक ओढली आणि आठवड्याभरात पुन्हा पाकिटावर आलो.

ऑफिसला निघताना, म्हणजे उठल्यावर तासाभराने, जी पहिली सिगारेट असे तिची आता फारशी आठवण होत नाही. खरा त्रास सकाळी अकराला होतो. सहकारी चहासाठी टपरीकडे निघाले की त्यांच्याबरोबर गेल्यास हात आपोआप खिशाकडे जातो, आणि न गेल्यास जागेवर बसून त्याच विचारात वेळ जातो व एकच बेरीज तीनदा चुकते. चहा तीन कपांवरून सातवर गेला आहे, रात्री झोप लागत नाही, हाताला किंचित कंप जाणवतो आणि ओढत असताना नव्हता असा खोकला आता सुरू झाला आहे. तोंडात काहीतरी हवे म्हणून सुपारी चघळतो. परवा मुलीने पट्टी मागितली, तेवढ्यावरून मी तिच्यावर ओरडलो.

हे किती दिवस चालते? निकोटीनचा च्युइंग गम घ्यावा, की त्याचेच नवे व्यसन लागेल? दिवसाला एकच ओढायची असे ठरवले तर जमते का? मनोनिग्रह हवा, एवढेच उत्तर कृपया देऊ नये. माझ्यापाशी तो किती आहे, हे मला दोनदा कळून चुकले आहे.

पायवाट:

मला सोडून सात वर्षे झाली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: एकच ओढायची हे मला कधीही जमले नाही, कारण ती एक सिगारेट दिवसभराची वाट पाहण्याची गोष्ट होऊन बसते.

टपरीचे म्हणाल, तर तिथे धोका चहाचा नसून सुट्या सिगारेटीचा आहे. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, पण ती किती पाळली जाते हे आपण रोज पाहतो. अख्खे पाकीट विकत घेण्याइतकी तलफ माणसाला क्वचितच येते; एक घेण्याइतकी मात्र कधीही येते. मी आमच्या टपरीवाल्याला बजावून ठेवले होते की मी मागितली तरी देऊ नका. त्याने मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी मी मागताच मुकाट्याने दिली. त्याला दोष देत नाही, त्याचा तो धंदा आहे. पण त्या दिवसापासून मी टपरीच बदलली. अकरा वाजता दोन सहकाऱ्यांना घेऊन उलट्या दिशेच्या दुकानात ताक प्यायला जाऊ लागलो. गप्पा त्याच, माणसे तीच, फक्त हातात कटिंगऐवजी ताकाचा ग्लास. जागेवर एकटे बसून राहू नका. तुम्हाला त्या पंधरा मिनिटांच्या मोकळिकीचीही सवय आहे आणि ती सोडण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी गोष्ट जरा हिशेबी आहे, म्हणून तुम्हाला आवडेल. तलफ आली की मी घड्याळ पाहून तिची सुरुवात आणि शेवट वहीत टिपत असे. ती अर्धा तास छळते असे मला वाटायचे. वहीत सर्वांत मोठी नोंद सहा मिनिटांची निघाली. तिसऱ्या आठवड्यात तलफेची तीव्रता तशीच होती, पण दिवसातल्या नोंदी अकरावरून तीनवर आल्या होत्या.

नाडीपरीक्षा:

मी फिजिशियन आहे. येथे लिहितो ते प्रत्यक्ष तपासणीऐवजी समजू नये. तुमचा कंप आणि निद्रानाश यांत निकोटीन सुटल्याचा भाग आहेच, पण सात कप चहाचा वाटा मोठा असावा. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृतातील, कॅफीनचा निचरा करणारे एक विकर वाढलेले असते. धूर थांबला की ते काही दिवसांत मूळ पातळीवर येते आणि तोच कप चहा रक्तात पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळतो. म्हणजे सिगारेट सोडणाऱ्याने चहा निम्मा करायला हवा, तिथे तुम्ही तो दुपटीहून अधिक केला आहे. दुपारी तीननंतर चहा घेऊ नका. मधुमेह, दमा किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर सिगारेट सोडल्याचे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही औषधांचे प्रमाणही बदलावे लागते.

निकोटीन सुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि साधारणतः तीन ते चार आठवड्यांत ओसरतो. खोकला बहुधा श्वासमार्गातील सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागल्यामुळे असतो; मात्र तो महिन्याहून अधिक टिकला, रक्त पडले किंवा वजन घटले तर छातीची तपासणी करून घ्यावी.

गम जरूर घ्यावा. ओढलेल्या धुरातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. गममधले तोंडाच्या अस्तरातून सावकाश शोषले जाते, म्हणून त्याची तशी चटक सहसा लागत नाही, आणि कर्करोगाला कारण होणारा धूर तर त्यात नसतोच. पहिली सिगारेट उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा लागतो. तुम्हाला २ मिलिग्रॅमचा पुरावा. बहुतेक लोक तो साध्या गमसारखा कचाकचा चावतात, मग उचकी लागते, मळमळते, आणि गमला नावे ठेवून सोडून देतात. हळूहळू चावा, तिखट झिणझिणी जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या, ती ओसरली की पुन्हा चावा. असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेऊ नये, कारण त्यामुळे निकोटीन शोषले जात नाही. तुमच्या बाबतीत पावणेअकराला एक तोंडात टाकला, तर अकराच्या वेळेला तो कामाला लागलेला असेल. एवढ्याने भागले नाही तर व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क असून तिथे समुपदेशक बोलतात. २०१८ पासून हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण पाकीट उघडणाऱ्याचे लक्ष तिकडे जात नाही.

रोखठोक:

मी १९९८ साली एका दिवसात सोडली. गम नाही, गोळी नाही.

नाडीपरीक्षा:

अभिनंदन. काहींना ते साधते. परंतु प्रश्नकर्त्यांनी तोच मार्ग दोनदा अवलंबून पाहिला आहे.

मोगरी:

सुपारीविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोगकारक ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. आमच्याकडे हे फार जवळून पाहिले. माझ्या यजमानांनी सिगारेट सोडली, तोंड चाळवते म्हणून सुपारी धरली, आणि वर्षभरात तळहातावर तंबाखू-चुना मळू लागले. घरात वास येत नाही, म्हणून आम्ही सगळे खूश होतो! सासूबाईंची मिश्री आम्ही व्यसनात मोजतच नव्हतो, ती निराळी गोष्ट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. सिगारेट सोडणाऱ्याच्या शेजारीच दुसरे दार असे सताड उघडे असते. बडीशेप, लवंग, भाजलेले जवस किंवा सुपारी नसलेली वाळवलेली आवळकाठी जवळ ठेवा.

आणि मुलीला खरे कारण सांगा. यजमानांनी दुसऱ्यांदा सोडली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या तीन आठवड्यांभोवती पेन्सिलीने चौकट आखली होती. त्या दिवसांत ते चिडले की मुले एकमेकांकडे पाहत आणि चौकटीतला आकडा मोठ्याने वाचत.

जमाखर्च:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज तेरावा दिवस. सुपारी बंद केली, चहा दोन कपांवर आणला, आणि तीन रात्री सलग झोप लागली. गम आधी मीही कचाकचा चावला आणि उचकी लागली, आता जमतो. पावणेअकराचा उपाय लागू पडला आहे, परंतु पुढच्या महिन्यात मेहुण्याचे लग्न आहे आणि मांडवामागची ती मंडळी तीच असणार आहेत.

पायवाट:

पंगतीत वाढायला उभे राहा. एका हातात भांडे, दुसऱ्या हातात डाव. सिगारेट पुढे करणाऱ्याला तुमचा हातच मोकळा सापडणार नाही. गम मात्र शेरवानीच्या खिशात आधीच ठेवा, त्या दिवशी गावातली औषधांची दुकाने बंद असू शकतात.