शब्दचर्चा : 'स्टिरिओ'ला 'दुहेरी' म्हणावं का?

काळी दोन :
घरी गाणं रेकॉर्ड करायला दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घेतलाय. माइक पहिल्या इनपुटला लावला, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं, तर आवाज फक्त डाव्या कानात. मित्र म्हणाला, 'मोनो कर.' केलं, तर दोन्ही कानांत! मोनो म्हणजे एकच ना? मग हे उलटं कसं? आणि मराठीत काय म्हणायचं, एकमार्गी-द्विमार्गी?

जुना रेडिओवाला :
एकमार्गी नको, तो शब्द ट्रॅफिक पोलिसांनी कधीच नेला. एकेरी-दुहेरी म्हणा.
स्टिरिओ ट्रॅकला डावी आणि उजवी अशा दोन खोल्या असतात. इनपुट १ डावीत गेलं, दुसऱ्यात काही लावलेलंच नाही, म्हणून उजवीत शांतता रेकॉर्ड झाली. मोनो ट्रॅकला डावं-उजवं नसतंच, तो दोन्ही स्पीकरना सारखा जातो. आधीचं गाणं पुसू नका. ट्रॅकच्या मेनूत 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' आहे, ते करा आणि रिकामा ट्रॅक उडवा.

पाटीपेन्सिल :
'दुहेरी'ला माझी हरकत आहे. 'स्टिरिओ'च्या मुळाशी ग्रीक 'स्तेरेओस' आहे, म्हणजे घन, भरीव. दोनाचा तिथे पत्ताच नाही. 'मोनोस' मात्र एकटा. म्हणजे ही जोडी विरुद्धार्थी नव्हेच. छपाईतला 'स्टिरिओटाइप' आठवा : जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन ओतलेली अखंड पाटी. त्यावरून आलेल्या अर्थाला आपण 'ठोकळेबाज' म्हणतो, किती चपखल बसलाय! ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये इंग्लंडात पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा ते या तंत्राला 'बायनॉरल', म्हणजे द्विकर्णी, म्हणत. दोन होतं ते त्या शब्दात.

काळी दोन :
मग मी माझ्या ट्रॅकची नक्कल करून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला तर?

जुना रेडिओवाला :
ते दुहेरी झालं, घन नाही झालं. (पाटीपेन्सिल, इथे तुमचं पटलं.) दोन्ही कानांना तेच पोचतं, आवाज मधोमधच राहतो. त्याऐवजी एक माइक तबल्यावर आणि एक डग्ग्यावर लावून पाहा. दोन माइक दोन निराळ्या गोष्टी ऐकतात, तेव्हा कुठे आवाजाला रुंदी येते. इंटरफेसवरचं प्रत्येक इनपुट मुळात मोनोच. 'स्टिरिओ इनपुट' म्हणजे दोघांची जोडी. तेव्हा मोजायला एकेरी-दुहेरी ठेवू, आणि परिणामाला स्टिरिओच म्हणू.

खर्जातला :
खरा घोळ पिनेचा आहे. दोन काळ्या रेघांच्या मोठ्या पिनेला दुकानदार सरसकट 'स्टिरिओ पिन' म्हणतो. हेडफोनला ते खरंही आहे : डावं, उजवं आणि अर्थिंग. पण इंटरफेसच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटात तीच पिन एकच आवाज आणते, एकदा सुलटा, एकदा उलटा. इनपुट दोघांतला फरक घेतं, त्यामुळे वाटेत शिरलेली गुणगुण कटते.
मी मोबाइलवरचा तानपुरा तसल्याच पिनेनं इनपुट २ मध्ये घेतला. डावं वजा उजवं! दोन्हीकडे सारखं होतं ते सगळं शून्य. खर्जाची तार गेली, उरली शेजारच्या वाड्यातून यावी तशी पोकळ झणझण. अर्धा तास ॲपला शिव्या घातल्या. मग एका स्टिरिओ पिनेच्या दोन मोनो पिना होणारी केबल आणली. डावी १ ला, उजवी २ ला लावली, ट्रॅक स्टिरिओ केला, आणि षड्ज घरी आला.

पाटीपेन्सिल :
म्हणजे तीच पिन कुठे घुसते त्यावर शब्दाचा अर्थ ठरतो. 'उद्या'चा 'काल' होणाऱ्या हिंदीसारखंच की.

काळी दोन :
माझ्या हेडसेटच्या पिनेला तर तीन रेघा आहेत!

खर्जातला :
मग तुकडे चार. डावं, उजवं, अर्थिंग आणि माइक. त्यातला माइक मोनो. त्यानं गाणं रेकॉर्ड करू नका एवढंच.