मदत हवी आहे: कोंबड्या बिनकवचाची अंडी घालून स्वतःच खातायत

अंगणवेल
कोणीतरी लगेच सांगा. आमच्या कोंबड्या काही दिवसांपासून मऊ अंडी घालतायत. वर नुसता पातळ पापुद्रा, उचललं की हातात लिबलिबतं. आपण पोचायच्या आत टोचून फस्त. मुलांना घरची, विषमुक्त अंडी मिळावीत म्हणून पाळल्या, सगळं सेंद्रिय देतो, तरी हे असं. औषध सुचवा, पण दुकानातलं नको.

शिवारकर
जात कोणती? वय? लसी दिल्यात? खायला काय घालता? यातलं काहीच लिहिलं नाहीत, औषध कशावर सांगायचं?

अंगणवेल
गावठी आणि चार गिरिराज. गुहागरजवळ राहतो. खाण्याचं लिहिलंय की, सेंद्रिय.

शिवारकर
सेंद्रिय काय? पदार्थाचं नाव सांगा.

अंगणवेल
घरच्या भाताची कणी, भाजीचे देठ, उरलेली भाकरी. बाकी दिवसभर परसात चरतात.

मळेवाला
पाण्यात चुन्याची निवळी घाला. आमच्याकडे पूर्वीपासून हेच करतात, आठवड्यात कवच धरतं.

पशुसेवक_७
निवळीवर विसंबू नका. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कणीत ते नसल्यासारखंच, म्हणून कोंबडी हाडांतून काढते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं. तुम्ही तर समुद्राकाठी आहात. कालवांच्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून जाडसर कुटा, पीठ करू नका. कवच मुख्यतः रात्री बनतं आणि जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, म्हणून संध्याकाळी भांडं भरलेलं हवं. ते वेगळंच ठेवा, खाद्यात मिसळू नका. अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियमने मूत्रपिंडाचा त्रास होतो.
आणि लसीचं उत्तर राहिलंय. हिरवी हगवण, मान वाकडी, घशात घरघर, यातलं काही दिसतंय का? मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगातही कवच बिघडतं.

मळेवाला
निवळीने आजवर एक कोंबडी मेली नाही आमची.

पशुसेवक_७
मरणार नाही हो. पण निवळीत कॅल्शियम उतरतं अगदी थोडं. त्यावर कवच उभं राहत नाही.

शेवगा
सगळ्या विका आणि कडकनाथ घ्या. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, भावही चांगला येतो.

शिवारकर
त्यांना विकायची नाहीत हो, घरी खायची आहेत. आणि कडकनाथ अंडी कमीच देते.

ठाण्याची_मावशी
मी तपकिरी अंडी 'सेंद्रिय' म्हणून दुप्पट भावाने घेते. त्यात ताकद जास्त असते ना?

पशुसेवक_७
मावशी, कवचाचा रंग जातीवर ठरतो, त्याचा ताकदीशी संबंध नाही. बलक गडद येतो तो पिवळा मका, शेवग्याचा पाला, लसूणघास खाण्यात असला की. पाकिटावर 'सेंद्रिय' लिहिलं असेल तर सेंद्रिय प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह आहे का बघा.

अंगणवेल
माझा धागा आहे, कृपया विषयावर या. हगवण नाही, माना सरळ आहेत. लस काही दिली नाही, रसायन नको म्हणून.

पशुसेवक_७
ताई, लस म्हणजे रसायन नव्हे. लासोटा ही मानमोडीची लस, तिचा थेंब कोंबडीच्या डोळ्यात घालतात, त्याने अंड्यात विष उतरत नाही. मानमोडी शिरली तर सगळा कळप जाऊ शकतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. खुराडं कशाचं आहे?

अंगणवेल
पत्र्याचं.

पशुसेवक_७
मे महिन्यात पत्र्याखाली? चोच उघडी टाकून धापा टाकत असणार. धाप लागली की श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट रक्तात कमी पडतं. पत्र्यावर आजच झावळ्या टाका, गार पाणी सावलीत ठेवा.

कोकणसडा
कणीच्या जोडीला सुका जवळा कुटून द्या, बिनमिठाचा. प्रथिनं मिळतात, विकतचं खाद्यही लागत नाही. अंडी घालायच्या पेटीत अंधार ठेवा, पेंढा जाड घाला आणि अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. फुटलेलं दिसलं की लगेच पुसा. चटक लागलेली कोंबडी ओळखून वेगळी करा, नाहीतर बाकीच्या शिकतात.

मळेवाला
शिंपल्या तव्यावर भाजून घ्या, कुटायला सोप्या जातात.

अंगणवेल
झावळ्या टाकतो, शिंपल्याही आहेत. आता एवढंच सांगा, लस दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत?

शिवारकर
लासोटानंतर थांबावं लागत नाही. जंताचं औषध द्याल तेव्हा मात्र बाटलीवरची मुदत वाचा. तलंगा आहेत का कळपात, तेवढं अजून सांगितलं नाहीत.