सर्वेक्षणातल्या ‘वेल-बीइंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: प्रभागातल्या एका सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करतो आहे. उड्डाणपूल, वाढीव बांधकामं, पाण्याच्या बदललेल्या वेळा यांमुळे रहिवाशांच्या ‘वेल-बीइंग’मध्ये काय फरक पडला, असा विषय. मसुद्यात ‘कल्याण’ आहे, ते खटकतंय. ‘राहणीमान’ चालेल?

प्रतिसाद: ‘कल्याण’ नकोच. समाजकल्याण, बालकल्याण म्हटलं की कल्याण करणारा दुसराच कुणी असतो. शिवाय ‘झालं कल्याण!’ आपण कुठल्या सुरात म्हणतो ते आठवा.

प्रतिसाद: ‘राहणीमान’ही अपुरं. घरात फ्रिज आहे का, खर्च किती, इथवरच ते जातं. ‘जीवनमान’ जरा ऐसपैस, पण तेही बाहेरच्याने मोजायचं माप. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये, कुठे राहणं किती सुकर आहे यावरून, १११ शहरांची क्रमवारी लावली. त्यात पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. (वाहतुकीत अडकलेल्या पुणेकरांनी ही बातमी कशी वाचली असेल ते सांगायला नको.) पुढच्या, २०२० च्या फेरीत नागरिकांच्या मतांना ३० टक्के भारांश मिळाला; तेव्हा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं आलं. नळजोडणी आहे का, हे पालिकेच्या दप्तरात सापडतं. पाण्याची चिंता मिटली का, हे घरच्यांनाच विचारावं लागतं.

प्रतिसाद: माझं मत ‘क्षेम’ला. गीतेतल्या ‘योगक्षेमं वहाम्यहम्’वर शंकराचार्यांचं भाष्य पाहा: नसलेलं मिळणं हा योग, मिळालेलं राखणं हा क्षेम. मराठीत ही जोडी ‘योगक्षेम चालवणे’ म्हणजे चरितार्थ एवढ्यावर आली आणि आतला भेद बुजला. तुमच्या विषयाला नेमका तोच हवा आहे. रस्ता रुंद झाला, जागेला भाव आला, हा योग. विकासाच्या अहवालांत बहुतेक तोच मोजतात. त्याच भावामुळे जुन्या भाडेकरूला गल्ली सोडावी लागली का, आजोबांना तो रुंद रस्ता एका सिग्नलात ओलांडता येतो का, हा क्षेमाचा हिशेब.

प्रश्नकर्ता: पटलं. पण दारात उभं राहून ‘आपलं क्षेम कसं आहे’ विचारलं तर लोक पत्र आलंय समजतील!

प्रतिसाद: म्हणून ‘क्षेम’ फक्त शीर्षकात ठेवा. आत नामच नको, क्रियापदं वापरा: रात्री झोप लागते का, मुलं खाली खेळतात का, पूल झाल्यावर घरी लवकर पोचता का, पाच वर्षांनी इथेच राहणं परवडेल असं वाटतं का.

आणि ‘क्षेम निर्देशांक’ असं काही छापू नका. आमच्याकडे ‘निर्देशांक’ म्हटलं की लोकांना जागेवर किती बांधता येईल ते ठरवणारा चटईक्षेत्र निर्देशांकच आठवतो. पहिला प्रश्न येईल, ‘किती वाढवून मिळतोय?’