सापडलेले कासव ठेवून घ्यावे की त्याचा मालक शोधावा?

केवडा

"रस्त्यावर किंवा अंगणात पाळीव कासव सापडले तर ते सरळ ठेवून घ्यावे; ज्याला ते सांभाळता आले नाही त्याचा हक्क त्याच दिवशी संपला," अशा आशयाचे एक लेखन नुकतेच वाचले. त्याखाली एकामागून एक 'अगदी बरोबर' असे प्रतिसाद पाहून राहवले नाही, म्हणून हे उत्तर.

कासव निसटले म्हणजे मालक बेफिकीर होता, हे गृहीतकच मला मान्य नाही. हॉर्सफिल्ड जातीचे लहानसे कासव कुंपणाच्या कोपऱ्यात पाय रोवून वर चढते आणि कुंपण जमिनीत पुरेसे खोल गेलेले नसेल तर खालची माती उकरून पलीकडे निघते. सुलकाटा ही आफ्रिकेतील मोठ्या जातीची कासवे तर माणूस वाकून आत डोकावेल एवढी बिळे खणतात. उन्हात अंग तापलेले कासव किती झपाट्याने चालते हे ज्याने पाहिले आहे, तो 'इतका मंद प्राणी हरवतोच कसा' हा प्रश्न विचारणार नाही. शिवाय ते भुंकत नाही, ओरडत नाही, हाकेला ओ देत नाही, त्यामुळे मालक दोन घरे सोडून शोधत असला तरी त्याला पत्ता लागत नाही.

म्हणून कासव सापडले की ते सावलीत, कुत्र्याच्या वाटेपासून दूर, उंच कडांच्या खोक्यात ठेवावे आणि हनुवटीच्या खाली राहील इतक्याच कोमट पाण्यात थोडा वेळ बसवावे. नंतर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. मालकाची ओळख पटवणारी, कातडीखाली टोचलेली बारीक चिप आहे का हे पाहताना ती वाचणारे यंत्र नुसते पाठीवरून फिरवून 'काही नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. कासवांत ती बहुधा डाव्या मागच्या पायात टोचलेली असते, तेव्हा तिथे सावकाश फिरवून पाहण्याचा आग्रह धरावा. पोटाकडच्या कवचाचे छायाचित्र काढावे, पण ते सूचनेत छापू नये. तिथल्या डागांची नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते, आणि जो मालक म्हणून येईल त्याने आपल्याजवळचे जुने छायाचित्र दाखवून ती जुळवावी. एवढे केल्याशिवाय 'आता ते आमचे' असे म्हणणे ही माझ्या मते चोरी आहे. सापडलेली वस्तू किंवा जनावर कळवल्यावाचून ठेवून घेऊ नये असे अनेक देशांचे कायदेही सांगतात.

निवडुंग

केवडा, तुमच्या लेखात मालक आहे, कायदा आहे, पण कासवाची बाजू कुठे आहे? मी जे कासव घरी आणले त्याच्या कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून तार ओवलेली होती आणि ती तार तुटल्यामुळेच ते सुटले होते. कवच म्हणजे निर्जीव टरफल नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा त्यात एकजीव झालेले असतात, वरच्या पट्ट्यांखाली जिवंत हाड असते आणि तिथे स्पर्श कळतो. त्या भोकाच्या कडा काळ्या पडून मऊ झाल्या होत्या. जवळ बोट नेले की ते मागचे पाय आत ओढून घेई. चोच इतकी वाढलेली होती की पान तोडता येत नव्हते. पाठीवरच्या प्रत्येक पट्टीचा सुळका झालेला होता. असे करणाऱ्या माणसाला सूचना लावून बोलवायचे आणि 'हे घ्या तुमचे' म्हणून जनावर त्याच्या हाती द्यायचे? मी सूचना लावली नाही आणि पुन्हा तीच वेळ आली तरी लावणार नाही.

दीपमाळ

निवडुंग यांच्या कासवाचे वाचून वाईट वाटले, पण आमच्या कासवाच्या अंगाला भोक नव्हते. ते वडिलांना त्यांच्या आत्याकडून मिळालेले होते. यात नवल काही नाही. गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-अभ्यासकाकडेही त्यांच्या आत्याचे कासव १७८० साली तिच्या मृत्यूनंतरच आले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने फाटक उघडे टाकले आणि कासव गेले. पुढे कळले की जवळच्याच एका घरात ते मजेत राहत होते. "टाकून दिलेले वाटले," हे त्यांचे उत्तर. एकाही घरी विचारले नव्हते. पोटाकडच्या कवचावरची दुभंगलेली पट्टी आम्ही जुन्या छायाचित्रात दाखवली, तेव्हा म्हणाले की मुलांना आता लळा लागला आहे. आमच्या वडिलांना लळा नव्हता का? कासव परत मिळाले, पण त्यासाठी जी भांडणे करावी लागली त्यानंतर त्या घराशी आमचे बोलणे कायमचे थांबले.

रानवाट

दीपमाळ यांचे दुःख खरे आहे, तरी मी निवडुंग यांच्या बाजूची आहे, कारण पाठीवरचे सुळके खोटे बोलत नाहीत. कुत्र्याचे खाद्य, उसळी, चीज असले प्रथिनांचे पदार्थ चारले की कवच असे उंचावते. असे कवच दिसले की मालकाचा शोध तिथेच थांबवावा. दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही.

पाणवठा

ही समजूत इतकी पसरली आहे की एकदा सविस्तर खोडून काढणे भाग आहे. सुलकाटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहारातील प्रथिने आणि हवेतील दमटपणा या दोहोंचा परिणाम तपासला होता. सुळके वाढण्यामागे मुख्य कारण कोरडी हवा निघाली. प्रथिनांचा प्रभाव अगदी किरकोळ होता. अनेक मालक प्रामाणिकपणे, पुस्तकात वाचून, पिल्लाला कोरड्या पेटीत दिव्याखाली वाढवतात आणि पाठ उंचावते.

त्याहून महत्त्वाचे असे की, झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्या पट्ट्यांत लहानपणीची वाढ नोंदली जाते. पुढे कितीही उत्तम राखले तरी जुने सुळके सपाट होत नाहीत. म्हणजे ज्याने हालात वाढलेले कासव दत्तक घेऊन जपले, त्याच्याही कासवाची पाठ तशीच राहणार, आणि ते हरवले तर रानवाट त्यालाच गुन्हेगार ठरवणार.

रानवाट

पाणवठा, उचलली जीभ लावली टाळ्याला असे करू नका. मी लहानपणापासून कासवे सांभाळत आले आहे आणि आमच्याकडे आलेले प्रत्येक सुळकेवाले कासव कुठल्या ना कुठल्या घरातून हाल सोसूनच आलेले होते. एका अभ्यासासाठी मी डोळ्यांनी पाहिलेले खोटे मानू?

पाणवठा

तुम्ही पाहिले ते खोटे आहे असे मी म्हटलेले नाही. तुमच्याकडे आली ती सोडून दिलेलीच कासवे होती, मग त्यांचे मालक वाईट निघाले यात आश्चर्य कसले? ज्या घरांत सुळकेवाली कासवे सुखाने जगत आहेत ती तुमच्या दारी येतच नाहीत. माझ्या घरी असे एक आहे. पहिल्या मालकाने त्याला खिडकीआडच्या उन्हात वाढवले होते, आणि काचेतून हाडांना लागणारे अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत. त्याचे कवच दबके आणि उंचसखल झाले आहे. उद्या ते कुंपण ओलांडून गेले आणि तुमच्या हाती लागले, तर तुम्ही माझा शोध घेणार नाही, हे तुम्ही स्वतःच वर लिहून ठेवले आहे. याचा मला मनापासून संताप येतो.

रानवाट

ठीक आहे. पाठ पाहून पहिला मालक कळतो, शेवटचा कळत नाही, इतके मी मान्य करते. वाढलेली चोच आणि कुजलेली जखम मात्र आजच्याच मालकाची असते, आणि ती 'दमट हवे'च्या आड लपवता येणार नाही.

धुके

एवढा वाद घालण्यापेक्षा त्या जीवाला एखाद्या तळ्यात किंवा रानात सोडून द्यावे असे मला वाटते. जो जन्मतः मोकळा आहे त्याला मालक कशाला हवा?

केवडा

धुके, कृपा करून हे कुणी मनावर घेऊ नये. जमिनीवरचे कासव पोहत नाही, तळ्यात ते बुडून मरते. चांगल्या मनाच्या माणसांनी अशी कित्येक कासवे आपल्या हातांनी मारली आहेत. पाण्यातले असेल तरी प्रश्न सुटत नाही. लाल कानाचे स्लायडर असेच सोडून देऊन जगभर पसरले आणि आज ते सर्वांत घातक घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे. घरात वाढलेल्या जनावराबरोबर रोगही रानात जातात. मोहावी वाळवंटातील कासवांना १९९० साली अमेरिकेने संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले, त्यामागे श्वसनमार्गाचा संसर्ग हे एक कारण होते.

पाणवठा

याला जोडून सांगतो की, सापडलेले कासव घरच्या कासवांत लगेच मिसळू नये. ग्रीक आणि हॉर्सफिल्ड कासवे स्वतः धडधाकट दिसत असताना हर्पिस विषाणू बाळगून असू शकतात आणि त्यांच्या संगतीने हर्मन जातीची कासवे दगावतात. पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोकाही आहेच. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री १९७५ साली बंद झाली, ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. हात धुण्याचा कंटाळा असेल तर कासव ठेवण्याचा विचारच करू नये.

रानवाट

आणि ते खरोखर पाळीवच आहे याची आधी खात्री करावी. रानातले कासव रस्ता ओलांडताना दिसले तर ते ज्या दिशेला चालले होते त्याच दिशेला, पलीकडच्या कडेला ठेवावे, घरी आणू नये. वाळवंटी कासव घाबरले की साठवलेले पाणी मूत्रावाटे सोडून देते आणि कोरड्या दिवसांत तेवढ्यानेही त्याचा जीव धोक्यात येतो. तारा कासव असेल तर दयेचाही उपयोग नाही. भारतात ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स करारात २०१९ साली त्याला सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात घातले गेले, आणि 'आम्ही वाचवले' म्हणून ते घरी ठेवता येत नाही. वनखात्यालाच कळवावे लागते.

निवडुंग

सगळ्यांनी माझ्या मुद्द्याला वळसा घातला. सांगा, ते भोक पाडलेले कासव मी त्याच्या मालकाला द्यायला हवे होते का? हो किंवा नाही.

केवडा

नाही. परंतु ते गुपचूप ठेवून घेणे हा त्यावरचा एकमेव पर्याय नव्हता. जखम पशुवैद्याने पाहून लेखी नोंदवली असती, छायाचित्रांसह प्राणिक्रूरतेची तक्रार झाली असती, तर त्या माणसाला दुसरे कासव आणून त्यालाही तार ओवण्याआधी कुणी तरी जाब विचारला असता. तुम्ही एक जीव वाचवलात. तो माणूस मात्र कुणाच्या नजरेतच आला नाही.

दुसरे असे की, ठेवून घेणाऱ्यांपैकी फार थोडे पुढचा हिशेब करतात. लहान जातीची कासवेही अर्धशतकाहून अधिक जगतात. तळहातावर मावणारे सुलकाटा पुढे चाळीस-पन्नास किलोंचे होते आणि दरवाजे ढकलू लागते. बचाव केंद्रे अशा सुलकाटांनी भरलेली असतात. आपल्यामागे ते कोण सांभाळणार हे त्या व्यक्तीला विचारून, लिहून ठेवण्याची तयारी नसेल, तर मालक न मिळाल्यावरही ते कासव जाणकार संस्थेकडेच द्यावे.

दीपमाळ

या शेवटच्या मुद्द्यावर माझा विरोध आहे. संस्था भरलेल्या आहेत हे तुम्हीच लिहिता आणि तिकडेच पाठवायलाही सांगता. ज्यांनी खरोखर शोध घेतला, चिप पाहिली, आसपास विचारले, आणि तरीही कुणी आले नाही, त्यांना ठेवू द्यावे. मागाहून मालक पुराव्यासह आला तर परत देण्याची तयारी हवी, एवढीच माझी अट आहे.

निवडुंग

केवडा यांचे तक्रारीविषयीचे म्हणणे मला पटले असे मी लिहिणार नाही, कारण तक्रार घेणाऱ्यांनी कासवाची गणना प्राण्यांत करावी इथपासून सुरुवात करावी लागते. तरीही पुढच्या वेळी जखमेची लेखी नोंद करून घेईन. अंगावर छळाच्या खुणा नसतील तर सूचनाही लावीन. भोक पाडणाऱ्याच्या हाती मात्र मी कासव देणार नाही, मग त्याच्याकडे कितीही जुनी छायाचित्रे असोत.

केवडा

तसे कासव त्याच्या हाती द्या असे मीही म्हणत नाही. मात्र त्या लेखी नोंदीची एक प्रत पशुवैद्याकडेच राहू द्या, म्हणजे उद्या तो माणूस तुमच्यावरच चोरीचा आरोप घेऊन आला तर बोलायला आधार राहील.