कलम २३१ मध्ये 'दोषी' हा शब्द आहे तरी कुठे?

पाटीपेन्सिल:
शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी फळ्यावर तीन बाण काढत आले: पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला दोषी ठरवलं → न झेपणारा दंड → हिटलर. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, तहात नेमकं लिहिलंय काय?" म्हणून पहिल्यांदाच त्यातलं कलम २३१ उघडलं आणि पंचाईत झाली. जर्मनी व तिच्या मित्रांच्या आक्रमणामुळे लादल्या गेलेल्या युद्धात दोस्तांची (फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका वगैरे जेत्या राष्ट्रांची) जी हानी झाली, तिची जबाबदारी जर्मनी मान्य करते, इतकंच. दोष नाही, अपराध नाही. वर २३२ मध्ये दोस्तच म्हणतात की पूर्ण भरपाईची जर्मनीची ऐपत नाही! मग इतकी वर्षं मी काय शिकवत होते?

नकलनवीस:
बाई, माझं आयुष्य दाव्यांचे कागद करण्यात गेलं, त्यामुळे २३१ वाचताना हात लगेच ओळखू येतो. हा वकिली मसुदा आहे. नॉर्मन डेव्हिस आणि जॉन फॉस्टर डलेस या दोन अमेरिकनांचा. युक्ती साधी: एका कलमात देणं तत्त्वतः कबूल करून घ्यायचं, पुढच्यात ते नागरिकांच्या नुकसानीपुरतं आवळायचं. ऑस्ट्रियाच्या तहात (कलम १७७) आणि हंगेरीच्या तहात (१६१) जवळपास हेच शब्द आहेत, त्यांवरून एवढा गहजब झाल्याचं कुणाला आठवतं का?

ही युक्ती लागली, कारण नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधीआधीच ठरलं होतं की खंडणी नाही, फक्त जर्मन आक्रमणाने नागरिकांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. भरपाई म्हटली की आधी जबाबदारी कुणाची ते लिहावं लागतं. लुटीला कारण लागत नाही, दाव्याला लागतं.

दोष चिकटला तो कलमाबाहेर. ७ मे १९१९ ला मसुदा हाती पडला त्याच बैठकीत जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्झाउ बसल्या जागेवरून बोलले: एकटे आम्हीच दोषी, ही कबुली माझ्या तोंडी खोटी ठरेल. (फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो उभे राहून बोलले होते, हे बसून. तेवढ्यावरूनही रागारागी झाली.) मग १६ जूनच्या उत्तरात दोस्तांनी खरोखरच लिहिलं की हे युद्ध म्हणजे मानवतेविरुद्धचा सर्वांत मोठा गुन्हा. तुमचा शब्द तिथे आहे, सोबतच्या पत्रात.

उलटतपासणी:
कागद ठीक, पण पैशाचं काय? जर्मनीकडे मागितलेली १३२ अब्ज सुवर्णमार्क ही रक्कम काय वकिली आवळणी म्हणायची? दक्षिण आफ्रिकेच्या स्मट्स यांनी सैनिकांची निवृत्तिवेतनंसुद्धा 'नागरी नुकसानी'त घुसवली, हे सोयीस्कर विसरलात.

नकलनवीस:
स्मट्सबद्दल मान्य, ती लबाडीच होती. पण मे १९२१ चं भरपाईचं वेळापत्रक उघडून बघा, त्यात देणं अ, ब, क अशा तीन प्रकारच्या कर्जरोख्यांत विभागलं होतं. अ आणि ब रोखे मिळून ५० अब्ज, ती खरी मागणी. क रोख्यांचे ८२ अब्ज आपापल्या मतदारांना दाखवण्यासाठी. १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत हिशेब जवळपास मिटला तोवर जर्मनीने दिले सुमारे २० अब्ज. दुसरी बाजूही बघा: माघार घेताना जर्मन सैन्याने फ्रान्समधल्या लांसच्या कोळसा खाणी पाण्याने भरून टाकल्या होत्या. त्यांचा खर्च कुणी करायचा होता?

उलटतपासणी:
आणि तारेच्या खांबांचं लाकूड, कोळसा वेळेवर आला नाही म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियमने जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागात सैन्य घुसवायचं? ही वसुलीची रीत झाली?

नकलनवीस:
नाही. तिथे मी तुमच्या बाजूचा.

पाटीपेन्सिल:
दोघांचे आभार. पहिला बाण पुसते. कलम आणि १६ जूनचं पत्र शेजारी शेजारी लिहून देईन, फरक मुलांनाच शोधू दे. फक्त त्या मुलीचा पुढचा प्रश्न मला आत्ताच दिसतोय: १८७१ ला फ्रान्स हरला तेव्हा त्यालाही असं काही कबूल करायला लावलं होतं का?

नकलनवीस:
नाही. फ्रँकफर्टच्या तहात सरळ ५ अब्ज फ्रँक मागितले. फ्रान्सने मुदतीआधीच, १८७३ मध्ये, शेवटचा हप्ता भरला. जबाबदारीचं कलमच नव्हतं.